कॉलेज फुटबॉलचा कोच जिंकत असताना टीम सोडून का जातो, आणि फॅन लोक एवढे का पेटतात

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड नावाचं एक छोटं गाव आहे, तिथल्या विमानतळाच्या कुंपणाशी लोक उभे राहून एका माणसाला शिव्या घालत होते. माणूस कोण, तर त्यांच्याच युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा कोच, लेन किफिन. बरं टीम हरली होती का, तर अजिबात नाही, १२ पैकी ११ मॅच जिंकून ओल मिस (युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपीला सगळे हेच म्हणतात) नॅशनल प्लेऑफला निघाली होती, रेग्युलर सीझनमध्ये ११ विजय त्यांना आधी कधीच जमले नव्हते. आणि प्लेऑफ तीन आठवड्यांवर असताना साहेब शेजारच्या लुइझियानातल्या एलएसयूची (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) नोकरी घेऊन विमानात बसले. ज्या एलएसयूला याच किफिननं सप्टेंबरमध्ये २४-१९ नं हरवलं होतं, तीच.

आता हे बाहेरून बघताना दोनच गोष्टी सुचतात, एकतर माणूस लोभी आहे नाहीतर फॅन लोक येडे आहेत. दोन्हीत थोडं तथ्य आहे, पण खरं कारण कॅलेंडर, करार आणि एजंट या तीन गोष्टींत आहे आणि ते एकदा कळलं की दर नोव्हेंबर-डिसेंबरला होणारा हा तमाशा बराचसा समजतो.

आधी आकार समजून घ्या. कॉलेज फुटबॉल म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर इंटरकॉलेज स्पर्धा येते, मैदानाच्या कडेला पन्नास पोरं आणि एक पीटीचे सर. (आणि हो, हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून हातात बॉल धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल, मेस्सीचा नाही.) एलएसयूच्या स्टेडियममध्ये १ लाख २ हजार लोक बसतात, मिशिगनच्या १ लाख ७ हजार. वानखेडेत ३३ हजारच्या आसपास मावतात, म्हणजे तीन वानखेडे एका कॉलेजात. मिसिसिपी, अलाबामा, नेब्रास्का या राज्यांत एनएफएलची, म्हणजे प्रोफेशनल लीगची एकही टीम नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला शनिवारची कॉलेजची मॅच हेच सगळं असतं, ज्याने त्या कॉलेजचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही तो पण मरेपर्यंत त्याच टीमचा. आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण असतो माहितीये का? राज्यपाल नाही, सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच.

किफिनचा एलएसयूबरोबरचा करार सात वर्षांचा, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. रुपयात वर्षाचे शंभर कोटींच्या वर. पण खरी मजा पगारात नाहीये, बायआउटमध्ये आहे.

बायआउट म्हणजे करार मोडायची किंमत, आणि ती दोन्ही बाजूंना असते. कोच मुदतीआधी सोडून गेला तर त्याने (खरं तर बहुतेक वेळा त्याच्या नव्या युनिव्हर्सिटीने) जुन्या युनिव्हर्सिटीला पैसे द्यायचे. आणि युनिव्हर्सिटीने मुदतीआधी हाकलला तर तिने कोचला उरलेल्या पगाराचा मोठा हिस्सा द्यायचा. आता ही दोन वजनं तराजूत कुठे सारखी असतात, कोच जाताना द्यायची रक्कम किरकोळ आणि कोचला हाकलताना द्यायची रक्कम अवाढव्य, कारण करार करताना घाई युनिव्हर्सिटीला असते.

एलएसयूचंच घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी नोटर डेममधून ब्रायन केलीला आणलं, १० वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर. चार सीझनसुद्धा पूर्ण झाले नाहीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये टेक्सस ए अँड एमकडून घरच्या मैदानावर ४९-२५ मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी केली घरी. ३४ विजय, १४ पराभव, म्हणजे वाईट कोच म्हणता येणार नाही, पण एलएसयूला नॅशनल टायटल पाहिजे होतं. हाकलायची किंमत साधारण ५ कोटी ४० लाख डॉलर. तेवढे द्यायला जिवावर आलं म्हणून मध्येच युनिव्हर्सिटीने आम्ही तुला गैरवर्तनासाठी काढलंय असं काहीतरी वळण द्यायचा प्रयत्न केला असं म्हणत केली कोर्टात गेला, आणि शेवटी युनिव्हर्सिटीला लेखी मान्य करावं लागलं की नाही, आम्ही विनाकारण काढलंय आणि पैसे देणं लागतो. याच्याहून मोठा आकडा टेक्सस ए अँड एमचा, २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरच्या वर. आणि गंमत बघा, ए अँड एममध्ये फिशरला आणणारा आणि एलएसयूत केलीला आणणारा अ‍ॅथलेटिक डिरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा प्रमुख) एकच, स्कॉट वुडवर्ड. केली गेल्यावर लुइझियानाचा गव्हर्नर जेफ लँड्री स्वतः पत्रकार परिषदेत म्हणाला की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी वुडवर्डची पण गच्छंती. गव्हर्नर! राज्यात रस्ते, शाळा, वादळं सगळं सोडून माणूस कोच कोण याच्यावर बोलतोय, आणि मतदारांना त्यात काही वावगं वाटत नाही.

बायआउटमध्ये एक बारीक कलम असतं ते पण सांगून टाकतो, कारण बातम्यांत आकडे वाचून लोकांचा गोंधळ होतो. बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, आणि मिळाली की तिथला पगार जुन्या युनिव्हर्सिटीच्या देण्यातून वजा. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा हेडलाइन होती ४ कोटी ९० लाख डॉलर. महिनाभरात त्याने व्हर्जिनिया टेकची नोकरी घेतली आणि पेन स्टेटबरोबरचा हिशोब ९० लाखांवर मिटला. त्यामुळे अमुक कोचला काढायला इतके कोटी लागतील अशी बातमी आली की तो कमाल आकडा समजायचा, आणि कलम नसेल (फिशरच्या करारात नव्हतं) तर मात्र पूर्ण भुर्दंड.

आता एजंट. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव जिमी सेक्स्टन. अलाबामाचा जुना कोच निक सेबन, किफिन, फिशर, जॉर्जियाचा कर्बी स्मार्ट, सगळे याचेच क्लायंट. म्हणजे एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीची जागा रिकामी झाली की जाऊ शकणारा उमेदवार याचा, आणि तो जाईल या भीतीने पगार वाढवून मागणारा पण याचाच. या भीतीवरच अख्खा बाजार चालतो. फॅन लोकांना वाटतं आपण कोचवर एवढं प्रेम करतो म्हणजे तो राहील, पण त्या प्रेमाचा उपयोग नेमका उलटा होतो, ज्या गावाचा जीव कोचमध्ये जास्त अडकलाय तिथल्या अ‍ॅथलेटिक डिरेक्टरची हिंमत होत नाही त्याला जाऊ द्यायची, आणि मग एका अफवेवर करार वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटची जागा रिकामी झाल्यावर लगेच इंडियानाने कर्ट सिग्नेट्टीला आठ वर्षांचा नवीन करार दिला, वर्षाला १ कोटी १६ लाख डॉलरच्या आसपास, आणि नेब्रास्काने मॅट रूलचा करार वाढवला, रूल स्वतः पेन स्टेटचा जुना खेळाडू म्हणून भीती जास्त. इंडियानाचा जुगार फळला, त्याच सीझनला १६ पैकी १६ जिंकून नॅशनल चॅम्पियन झाले, ज्या टीमला आधी कोणी मोजत नव्हतं. पण उलटं उदाहरण मिशिगन स्टेटचं आहे, २०२१ मध्ये मेल टकर एका चांगल्या सीझननंतर एलएसयूला जाईल अशी कुजबुज झाली आणि यांनी घाबरून १० वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर लिहून दिले. पुढचा सीझन ५-७ (५ विजय, ७ पराभव) आणि २०२३ मध्ये गैरवर्तनाच्या प्रकरणात त्याला काढलं.

मग किफिनच्या पुढ्यात नेमकं काय काय होतं? तीन ऑफर. ओल मिस पगार वाढवायला तयार, फ्लोरिडाने बिली नेपियरला काढलेलं त्यामुळे ते किफिनच्या मागे लागलेले, आणि एलएसयू. एलएसयूकडे का जावंसं वाटतं याचं उत्तर एका आकड्यात आहे, तिथे लागोपाठ तीन वेगवेगळ्या कोचनी नॅशनल टायटल जिंकलंय, २००३ ला सेबन, २००७ ला लेस माइल्स, २०१९ ला एड ओर्जेरॉन. लुइझियाना छोटं राज्य पण तिथून एनएफएलला जाणारी पोरं खूप निघतात, आणि राज्यात त्या ताकदीची युनिव्हर्सिटी ही एकच, त्यामुळे गावातलं चांगलं पोरगं आपसूक तुमच्याकडे येतं. मिसिसिपीत तेच टॅलेंट ओल मिस आणि मिसिसिपी स्टेटमध्ये वाटलं जातं आणि बाहेरचे पण हात मारतात. शिवाय मिसिसिपीच्या कायद्याप्रमाणे सरकारी युनिव्हर्सिटीला चार वर्षांपेक्षा मोठा करार करता येत नाही, तिकडे एलएसयू सात वर्षं देतंय. २०२५ पासून युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळालीये, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर, वर बाहेरून स्पॉन्सरशिपचे वेगळे, त्यामुळे हल्ली कोच स्वतःच्या पगाराइतकाच प्रश्न विचारतो की पोरांसाठी किती ठेवलेत. एवढं सगळं धरलं तर माझ्या मते जाण्याचा निर्णय समजण्यासारखा होता. मात्र ओर्जेरॉनचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवा, टायटलनंतर दोन वर्षांच्या आत त्याला पण नारळ. एलएसयूत जिंकायला सोपं आणि टिकायला अवघड.

पण प्लेऑफ तोंडावर असताना का गेला? इथे कॅलेंडर येतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात मूर्खपणा कुठे असेल तर इथे आहे. रेग्युलर सीझन नोव्हेंबरअखेर संपतो. शाळेतल्या पोरांच्या, तुमच्याच कॉलेजात खेळेन अशा, सह्या घ्यायचा मुख्य काळ डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो, २०२५ ला ३ डिसेंबर. दुसऱ्या कॉलेजातून खेळाडू बदलून घ्यायची ट्रान्सफर पोर्टलची खिडकी २ जानेवारीला उघडते. आणि १२ टीमचा प्लेऑफ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे नवीन युनिव्हर्सिटीला कोच ३० नोव्हेंबरला पाहिजे, नाहीतर त्या वर्षीची पोरं गेली, आणि जुन्या युनिव्हर्सिटीला तोच माणूस अजून सहा आठवडे लागतो. एनएफएलमध्ये टीम प्लेऑफमध्ये असेपर्यंत कोच कुठे जाऊन बसत नाही कारण तिकडे नियमच तसे आहेत. कॉलेजमध्ये सगळं एकावर एक चढलंय आणि ते सोडवायला सगळ्यांवर हुकूम चालेल असा कोणी मालकच नाही.

किफिनचं म्हणणं होतं की मी एलएसयूची नोकरी घेतो पण ओल मिसला प्लेऑफमध्ये कोचिंग करतो. ओल मिसचा अ‍ॅथलेटिक डिरेक्टर कीथ कार्टर म्हणाला जमणार नाही. बरोबरच आहे ना, तो ड्रेसिंग रूममध्ये बसून प्लेऑफची तयारी करणार आणि बाहेर जाऊन त्याच पोरांना पोर्टलमधून एलएसयूला ये म्हणणार, कोण परवानगी देईल? मग डिफेन्सचा कोच पीट गोल्डिंगला कायमचा हेड कोच केला. आणि ओल मिसने काय करावं, तुलेनला ४१-१० हरवलं, क्वार्टरफायनलला (शुगर बोल) जॉर्जियाला ३९-३४ हरवलं, आणि सेमीफायनलला मायामीकडून ३१-२७ असे थोडक्यात गेले. यात अजून एक मसाला म्हणजे ओल मिसच्या प्लेऑफमधल्या प्रगतीवर किफिनला जो बोनस मिळाला असता तो एलएसयूने द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे सोडून दिलेली टीम जिंकेल तसतसा याचा खिसा भरणार, ज्याने ही अट घातली त्या वकिलाला सलाम.

हे किफिनच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं नाहीये म्हणून लोक जास्त भडकले. जानेवारी २०१० मध्ये टेनेसीला फक्त एक सीझन कोचिंग करून तो कॅलिफोर्नियातल्या यूएससीला गेला तेव्हा नॉक्सव्हिलमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गाद्या जाळल्या. आणि त्याच यूएससीने २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटकडून ६२-४१ हरल्यावर टीमचं विमान लॉस एंजेलिसला उतरताच पहाटे विमानतळावरच त्याला सांगितलं की तुझं काम संपलं. हे फॅन लोक सोयीस्कर विसरतात. निष्ठा मागायची तर दोन्हीकडून मागा, ८-४ झालं की हाकला म्हणणारे आणि ११-१ झालं की जन्मभर राहा म्हणणारे लोक तेच असतात.

कोच खोटं का बोलतात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्याला पक्षांतराची सवय आहे, आमदार सकाळी मी कुठेही जाणार नाही म्हणाला की संध्याकाळी टीव्ही लावून बसायचं एवढं आपल्याला कळतं, तिकडे पण तसंच. टॉमी ट्यूबरव्हिल १९९८ ला ओल मिसमध्ये म्हणाला होता की इथून मला शवपेटीतूनच न्यावं लागेल, आणि काही दिवसांत ऑबर्नला गेला (नंतर अलाबामाचा सिनेटर झाला, म्हणजे योग्य क्षेत्रात पोचला). निक सेबन डिसेंबर २००६ मध्ये एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्सचा कोच असताना म्हणाला की मी अलाबामाचा कोच होणार नाही, आणि ३ जानेवारी २००७ ला अलाबामाला. ओक्लाहोमाचा कोच लिंकन रायली नोव्हेंबर २०२१ ला म्हणाला मी एलएसयूचा पुढचा कोच होणार नाही, ते शब्दशः खरं निघालं, दुसऱ्या दिवशी तो यूएससीचा झाला.

पण त्यांच्या जागी बसून बघा. कोच जर म्हणाला की हो, बोलणी चालू आहेत, तर ज्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी याच्यासाठी यायचं ठरवलंय ती त्याच रात्री फोन घेऊन दुसरीकडे बोलायला लागतात. बोलणी फिसकटली तर हा इथेच राहणार आणि पोरं गेलेली. खरं बोलायची किंमत लगेच भरावी लागते आणि खोट्याची किंमत निघून गेल्यावर, तीही शिव्यांच्या रूपात, मग कोण खरं बोलेल. वाईट याचं वाटतं की यात मरण पोरांचं आणि खालच्या स्टाफचं होतं. पोरांना निदान २०२१ पासून एक वर्ष बसून न राहता कॉलेज बदलता येतं. असिस्टंट कोच, व्हिडिओवाला, ट्रेनर यांना मात्र घर विकून कुठल्या तरी चौथ्या राज्यात जायचं असतं. आणि एक हलला की रांग हलते. सेबन जानेवारी २०२४ ला रिटायर झाला तर अलाबामाने वॉशिंग्टनचा कॅलन डिबोअर उचलला, जो चारच दिवसांपूर्वी नॅशनल फायनल खेळला होता, वॉशिंग्टनने अ‍ॅरिझोनाचा जेड फिश घेतला, अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. एक म्हातारा घरी बसला आणि तीन गावं रडली.

फॅन लोकांच्या हातात काहीच नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेनेसीने ग्रेग शियानोला कोच करायचं जवळपास पक्कं केलं होतं, एका रविवारी दुपारी बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत फॅन, देणगीदार, अगदी राज्यातले आमदार सगळे तुटून पडले, करार रद्द, आणि आठवड्याच्या आत अ‍ॅथलेटिक डिरेक्टरच गेला. हे देणगीदार, तिकडे त्यांना बूस्टर म्हणतात, यांच्याच पैशातून बरेचदा बायआउट भरले जातात, त्यामुळे कोण येणार कोण जाणार यात त्यांचा शब्द चालतो. साध्या फॅनचा शब्द सीझन तिकीट रिन्यू करायच्या वेळी चालतो.

आणि राहणारे पण असतात. व्हर्जिनिया टेकचा फ्रँक बीमर २००० साली नॉर्थ कॅरोलायनाला जवळजवळ गेलाच होता, शेवटच्या क्षणी फिरला आणि पुढे १५ वर्षं राहिला. क्लेम्सनच्या डाबो स्विनीच्या करारात तर अलाबामासाठी वेगळं कलम होतं, तो इतर कुठे गेला तर एक रक्कम आणि अलाबामाला गेला तर जास्त, कारण तो तिथला जुना खेळाडू, मायेची पण किंमत लावून ठेवलेली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये बीवाययूच्या (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) कलानी सिटाकेला पेन स्टेटने विचारलं तर तो आपल्या जुन्या कॉलेजातच राहिला, अर्थात नवीन करार घेऊनच.

मला यातलं सगळ्यात आवडतं प्रकरण रिच रॉड्रिगेझचं. वेस्ट व्हर्जिनियाचाच पोरगा, तिथेच खेळलेला, तिथेच कोच. २००७ ला शेवटची मॅच घरी पिट्सबर्गशी, जिंकले की थेट नॅशनल फायनल, आणि १३-९ नं हरले. दोन आठवड्यांत हा मिशिगनला गेला. युनिव्हर्सिटीने ४० लाख डॉलरच्या बायआउटसाठी घरच्या पोरावर कोर्टात केस टाकली, शेवटी २५ लाख मिशिगनने भरले आणि १५ लाख त्याने. गावात त्याचं नाव काढलं तरी लोक चिडायचे. मिशिगनमध्ये तीन वर्षांत बाहेर, मग अ‍ॅरिझोना, मग अजून कुठे कुठे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच वेस्ट व्हर्जिनियाने त्याला परत हेड कोच म्हणून बोलावलं, बहुतेक फॅन टाळ्या वाजवत होते आणि जे वाजवत नव्हते ते पहिल्या सीझनचे विजय-पराभव मोजत होते, चार आणि आठ.